यूव्हर्जन बायबल ॲप: पाळीवर चालणाऱ्या घराला किती उपयोगाचं?

संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून एक अध्याय वाचायचा, गीत म्हणायचं, प्रार्थना करायची, ही ख्रिस्ती घरांतली रीत सोलापुरात कामाच्या पाळ्यांमुळे मोडत चालली आहे. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला, आई घरी विड्या वळते, मोठा मुलगा नोकरीला पुण्यात. अशा घरासाठी हे ॲप घ्यावं का? घ्यावं, पण त्यातलं सगळंच वापरू नये.

ॲप 2008 पासून आहे, अमेरिकेतल्या लाइफ.चर्च या मंडळीचं. मोफत आहे, जाहिराती नाहीत.

पहिल्यांदा भाषांतर नीट निवडा. मराठीत एकाहून जास्त आहेत. आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्शन) म्हणजे बऱ्याच चर्चमध्ये वाचलं जातं ते. संडे स्कूलची पाठांतराची वचनंही बहुधा त्यातलीच असतात. सी.एल.ची (कॉमन लँग्वेज) भाषा सोपी आहे. पाठांतराला आर.व्ही. आणि अर्थ समजावायला सी.एल., असा क्रम ठेवा. उलट केलं की मूल घरी एक शब्द पाठ करतं, चर्चमध्ये दुसरा ऐकतं आणि मध्येच अडतं. भाषांतराच्या नावाशेजारी डाउनलोडचं चिन्ह असेल तर लगेच दाबा, म्हणजे मजकूर नेटशिवाय उघडेल. ऑडिओला मात्र सहसा नेट लागतं.

ऑडिओ ही या ॲपची सर्वांत मोलाची बाजू. विडी वळताना पान कापायला, तंबाखू भरायला, दोरा गुंडाळायला दोन्ही हात गुंतलेले, नजर पानावर, बोटांना तंबाखूची भुकटी. पुस्तक धरता येत नाही, पण कान मोकळे असतात. कामाला बसण्याआधी पुस्तक आणि अध्याय लावून फोन सुपापासून हातभर लांब ठेवावा. एक अध्याय संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. मार्काचे 16 अध्याय साधारण दीड-दोन तासांत होतात. नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याला बरोबर पुरतात, रोज एक. लूमवर मात्र याचा उपयोग नाही. त्या खडखडाटात शब्द कळत नाही आणि कानात इअरफोन घालून यंत्रापाशी उभं राहणं धोक्याचं.

सोलापुरात एकाच घरात सासू तेलुगू वाचते आणि सून मराठी. वरच्या भाषांतराच्या नावावर टॅप केलं की भाषा बदलता येते. तेलुगू, कन्नड दोन्ही आहेत. दोन फोनवर दोन भाषा लावून एकाच ओवीवर चर्चा करता येते. छापील पुस्तकांत हे साधायचं तर दोन बायबलं विकत घ्यावी लागतात.

आता काळजीची गोष्ट. ‘आजचं वचन’ चित्रावर छापून येतं, पुढे व्हॉट्सॲपवर जातं, आणि घरची उपासना तेवढ्यावरच भागते. यिर्मया 29:11 मुलाला पुण्यात नोकरी लागली की हमखास पाठवतात: देवाच्या मनात तुमच्या हिताच्या योजना आहेत. पण हे पत्र बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. आधीच्याच ओवीत 70 वर्षं थांबायला सांगितलं आहे, आणि 5 ते 7 ओव्यांत घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा असं आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला खरं तर हेच हवं. फिलिप्पै 4:13 चंही तसंच. परीक्षेच्या दिवशी पाठवतात: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो. पण 11 आणि 12 ओव्यांत पौल भरपूर असताना आणि उपाशी असतानाही समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो. म्हणून चित्र पाठवायचंच असेल तर वचनावर टॅप करून आधी अख्खा अध्याय उघडा.

ॲपमधल्या तयार वाचन-योजना आमच्या मते इथल्या घरांना फारशा लागू पडत नाहीत. कामावरच्या योजनांचा भर ऑफिसचा ताण, बढती, वेळेचं नियोजन यांवर असतो. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईला त्यातून काय मिळणार? शास्त्रात मात्र मजुरीबद्दल स्पष्ट आज्ञा आहेत. अनुवाद हे पुस्तक (24:14-15) म्हणतं, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब 5:4 मध्ये अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. त्यामुळे सहा दिवसांचं वाचन घरीच आखावं: उत्पत्ती 2, निर्गम 20:8-11 (विश्रांती दास-दासींनाही आहे, हे इथे नीट वाचा), अनुवाद 24, रूथ 2, याकोब 5 आणि कलस्सै 3:18 ते 4:1. शेवटच्या भागात बापांना मुलांना चिडवू नका असं सांगितलं आहे आणि धन्यांनाही ताकीद आहे. तो वाचताना फक्त बायका-मुलांच्या ओव्यांवर थांबू नये.

सलग किती दिवस वाचलं याचा आकडाही ॲप दाखवतं. पाळी बदलली की एक दिवस हमखास चुकतो, मग आकडा वाचवायला नुसतं ॲप उघडून बंद केलं जातं. मुलांसमोर त्या आकड्याचं कौतुक करू नका.

एकत्र बसाल तेव्हा मजकूर आधी डाउनलोड केलेला असू द्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. वाचणाऱ्याच्या हातात एकच फोन, बाकीचे फोन दुसऱ्या खोलीत. अक्षर मोठं करून ठेवलंत तर आजीलाही तिच्या पाळीला वाचता येईल.