कलरचेकर पासपोर्ट फोटो २: व्हाइट बॅलन्स वेगळा, प्रोफाइल वेगळं

कॅलिब्राइटचा कलरचेकर पासपोर्ट फोटो २ म्हणजे फोटोतले रंग खरे आणायला मदत करणारी, खिशात मावणारी प्लॅस्टिकची डबी. आत चार तक्ते आहेत: १९७६ साली आलेल्या २४ चौकोनी मॅकबेथ चार्टची (ठरलेल्या रंगांच्या प्रमाणित तक्त्याची) छोटी आवृत्ती, रंगछटा किंचित उबदार किंवा थंड करायचे चौकोन, व्हाइट बॅलन्सचं पान आणि १८ टक्के ग्रे कार्ड. डबी उघडून टेबलावर उभी करता येते, त्यामुळे एकट्याने प्रॉडक्ट शूट करणाऱ्याची मोठी सोय होते.

गोंधळ होतो तो वापरताना. व्हाइट बॅलन्स प्रकाशाची छटा काढतो. प्रोफाइल तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, निळा, जांभळा कसा वाचतो ते दुरुस्त करतं. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

आधी व्हाइट बॅलन्स. विषय जिथे आहे तिथेच, त्याच प्रकाशात व्हाइट बॅलन्सचं पान धरा, त्याने फ्रेमचा मधला भाग भरा. सपाट राखाडी पृष्ठभागावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून मॅन्युअल फोकसवर या. फोटो ना जळालेला (अतिउजळ) हवा ना काळवंडलेला. कॅननमध्ये मेन्यूतून तो फोटो कस्टम व्हाइट बॅलन्ससाठी निवडल्यावर व्हाइट बॅलन्सचा मोडही कस्टमवर न्यावा लागतो. हीच पायरी सर्वात जास्त विसरली जाते आणि मग दोष पानाला दिला जातो. पानाऐवजी साधा कागद वापरू नका. कागदात चमक आणणारी रसायनं असतात, अतिनील किरणांत तो निळसर दिसतो, कॅमेरा ती निळाई कापतो आणि फोटो पिवळट येतो.

आता प्रोफाइल. हे फक्त रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीला, लागतं. जेपेगमध्ये कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल (रंग आणि कॉन्ट्रास्टची तयार सेटिंग) आधीच मुरलेली असते. २४ चौकोनी चार्ट फ्रेमच्या मध्यभागी ठेवून फोटो घ्या, कारण कडेला लेन्सचा काळोख येतो. चौकोनांवर चकाकी दिसली तर चार्ट थोडा कलता करा. सर्वात पांढरा चौकोन लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) साधारण ९५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. जळालेल्या चौकोनावरून बनलेलं प्रोफाइल चुकीचंच निघणार. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवली तर तो सत्याच्या जास्त जवळ जातो.

मग चार्टचा फोटो लाइटरूममधल्या कलरचेकरच्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) एक्स्पोर्ट करा, प्रोफाइलला कॅमेरा आणि प्रकाश दोन्ही कळतील असं नाव द्या आणि लाइटरूम बंद करून पुन्हा उघडा. त्याशिवाय प्रोफाइल यादीत दिसत नाही. ऊन आणि टंगस्टन बल्ब असे दोन फोटो दिले तर दोन्हींना चालणारं एक प्रोफाइल बनतं. स्वस्त एलईडीसाठी मात्र वेगळं बनवा, त्यांच्या प्रकाशात लाल बऱ्याचदा तोकडा असतो. जो रंग प्रकाशातच नाही तो कुठलंही प्रोफाइल परत आणू शकत नाही. खिडकीचं ऊन आणि आतला बल्ब एकाच फ्रेममध्ये मिसळले असतील तरीही हा चार्ट हतबल आहे: एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (तटस्थ रंग दाखवायचं साधन) टेकवायचा तर २४ चौकोनांतल्या पांढऱ्यावर नको, त्याच्या शेजारच्या फिकट राखाडीवर टेकवा. तो जास्त तटस्थ असतो.

तक्रार दोन गोष्टींची. चौकोन लहान आहेत, त्यामुळे पूर्णाकृती माणूस टिपताना चार्ट फ्रेममध्ये इवलासा होतो. त्याचा वेगळा, जवळून फोटो घ्यावा लागतो. दुसरं, रंग उन्हाने फिके पडतात आणि बोटांच्या डागांनी बिघडतात. चौकोनांना हात लावू नका, काम झालं की डबी मिटा.

साड्या, चित्रं, कॅटलॉग टिपणाऱ्यांनी आणि दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो एका अल्बममध्ये बसवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. सूर्यास्त टिपणाऱ्याला याचा उपयोग नाही, तिथली लाली काढून टाकायचीच नसते. फक्त जेपेग काढत असाल तर साधं ग्रे कार्ड घ्या.