रोज बारा छायाचित्रे: एका दृश्यसंग्रह सेवेचे वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

सकाळी बारा छायाचित्रे मिळतात आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत नवे काही मिळत नाही, ही या सेवेची पहिली अट आहे आणि तीच मला वर्गणी भरायला पुरेशी वाटली. समकालीन छायाचित्रण, वास्तुरचना आणि रोजच्या वापरातील वस्तूंचे डिझाइन या तीन क्षेत्रांतून निवडलेली ही चित्रे संकेतस्थळावर आणि मोबाइलच्या ॲपमध्ये एकाच वेळी येतात, प्रत्येक चित्राखाली एक माहितीपत्रक असते आणि जुना संग्रह हवा तेव्हा उघडता येतो. जाहिराती नाहीत. मी अंतर्गत रचनेचे काम करते. चित्रे पाहणे हा माझ्या कामाचा भाग आहे आणि ते काम मी वर्षानुवर्षे फुकटच्या, न संपणाऱ्या चित्रप्रवाहांवर केलेले आहे. तिथे एक काँक्रीटची भिंत जरा वेळ पाहिली की पुढचा आठवडाभर काँक्रीटच्याच भिंती समोर येत राहतात. त्या चक्रातून सुटावे म्हणून ही सेवा घेतली. तिचे नाव मी इथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि ज्या कसोट्यांवर मी ती तपासली त्या अशा कोणत्याही संग्रहाला लावून पाहता येतील.

सेवेचे खरे बळ माहितीपत्रकात आहे. चित्र पाहून मन हलते, पण ते का हलले हे कळल्याशिवाय त्याचा कामात उपयोग होत नाही. याचे उत्तम उदाहरण मला पहिल्याच महिन्यात मिळाले. पिएर कोनिग यांनी लॉस एंजेलिसच्या टेकडीवर बांधलेल्या केस स्टडी हाउस क्रमांक 22 चे ज्युलियस शुलमन यांनी 1960 मध्ये काढलेले छायाचित्र या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेले असते: कड्यावर पुढे आलेली काचेची खोली, आत गप्पा मारत बसलेल्या दोन तरुणी आणि खाली पसरलेल्या शहराच्या दिव्यांच्या रेषा. ते एका क्षणात टिपलेले असावे, अशी माझी समजूत होती. माहितीपत्रकात त्याची कृती दिली होती. शहराचे दिवे उमटण्यासाठी सुमारे सात मिनिटे शटर उघडे ठेवले होते आणि आतल्या तरुणी फ्लॅशच्या एका झोतात टिपल्या होत्या. घराचे कामही तेव्हा पुरते संपलेले नव्हते. म्हणजे आपण ज्याला एक संध्याकाळ समजतो, ते एकाच फिल्मवर एकावर एक ठेवलेले दोन वेगवेगळे प्रकाश आहेत.

दोनच दिवसांनी मला एका पूर्ण झालेल्या खोलीचे छायाचित्र काढायचे होते. त्या खोलीत एक मोठी खिडकी आहे आणि नेहमीच्या पद्धतीने टिपले की एकतर खिडकी पांढरीफट्ट होते, नाहीतर खोली काळोखात जाते. मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, आतले सगळे दिवे मालवले, बाहेरच्या संधिप्रकाशासाठी बारा सेकंद शटर उघडे ठेवले आणि त्यातल्या शेवटच्या दोन सेकंदांपुरता टेबलावरचा दिवा लावला. पहिल्या चार प्रयत्नांत दिव्याच्या बटणावरचा माझा हातही चित्रात आला. पाचव्या वेळी खिडकीबाहेरचे निळे आकाश आणि टेबलावरचे लाकूड एकत्र दिसले. एका माहितीपत्रकातून एवढे हाती लागले, तेव्हा वर्गणी वसूल झाल्यासारखे वाटले.

वास्तुरचनेच्या विभागात शक्य तिथे छायाचित्रासोबत प्लॅन (वरून पाहिल्यासारखा नकाशा) आणि सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखा छेद) जोडलेले असतात. तादाओ आंदो यांच्या जपानमधील इबाराकी येथील 1989 च्या ‘चर्च ऑफ द लाइट’चे छायाचित्र सगळीकडे सापडते: अंधारी काँक्रीटची पेटी आणि समोरच्या भिंतीतल्या क्रूसाच्या आकाराच्या फटीतून येणारा उजेड. मात्र प्लॅन पाहिल्यावर कळते की एक मोकळी भिंत साधारण 15 अंशांच्या कोनात त्या पेटीत घुसलेली आहे आणि आत येणाऱ्या माणसाला तिच्यामुळे वळून यावे लागते. उजेडाच्या त्या अनुभवाची तयारी दारातच सुरू होते आणि समोरून घेतलेल्या कोणत्याही चित्रात ती दिसणे शक्य नाही. जमिनीला आणि बाकांना बांधकामाच्या परांचीतल्या फळ्यांसारखे साधे लाकूड वापरलेले आहे, कारण पैसा कमी होता. क्रूसाच्या फटीत काच नसावी अशी आंदो यांची इच्छा होती, पण ती बसवावी लागली. चित्रात जे दिसते त्यातला किती भाग कल्पनेचा, किती नाइलाजाचा आणि किती तडजोडीचा, हे अशा तपशिलांतून उलगडते आणि माझ्यासारख्या रोज तडजोडी करणाऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो.

तुलनेचे पान हा या सेवेतला माझा सर्वांत आवडता भाग आहे. संग्रहातली कोणतीही नऊ चित्रे निवडून ती तीन-तीनच्या तीन ओळींत, एकाच आकारात शेजारी शेजारी मांडता येतात. ही कल्पना उघडपणे बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याकडून घेतलेली आहे आणि सेवेने ते ऋण मान्यही केले आहे. 1959 पासून या दोघांनी पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, खाणींवरचे सांगाडे अशा औद्योगिक बांधकामांची छायाचित्रे घेतली: ढगाळ आकाश, सावल्या नाहीत, कॅमेरा समोर आणि वस्तू मधोमध. एकटा मनोरा पाहिला तर तो केवळ मनोरा असतो, पण नऊ मनोरे एकत्र आले की कुणाचे पाय जाड, कुणाचे डोके जड, कोण उगाच सजलेला हे आपोआप दिसू लागते. 1990 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात या छायाचित्रांना शिल्पकलेसाठीचा ‘गोल्डन लायन’ मिळाला, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही. त्यांच्या पद्धतीने मी जिन्यांच्या नऊ कठड्यांचे पान तयार केले. सुटा पाहिलेला प्रत्येक कठडा मला देखणा वाटला होता. शेजारी ठेवल्यावर सहा कठड्यांत हात जिथे टेकतो ती पट्टी इतकी अरुंद किंवा धारदार निघाली की त्यांचा आराखडा करणाऱ्याने जिना उतरताना कधी हात टेकला असेल की नाही, अशी शंका आली. राहिलेल्या तिघांतला एक सध्या माझ्या टेबलावर कार्डबोर्डच्या नमुन्याच्या रूपात उभा आहे.

चित्रातला रंग काढून टाकणारे एक बटणही आहे. सुरुवातीला ते मला खेळणे वाटले. नंतर लक्षात आले की ज्या खोलीचा रंग मला मोहात पाडतो, तिच्यातला रंग काढला की अनेकदा काहीच उरत नाही. भिंत, पडदा आणि जमीन एकाच करड्या छटेत विरून जातात. उलट दिशेने पाहायचे तर मीस व्हान डेर रोहे यांचा बार्सिलोनातला पॅव्हिलियन 1929 मध्ये उभा राहिला, पुढच्याच वर्षी उतरवला गेला आणि 1986 मध्ये पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंत जगाने तो मुख्यतः काळ्यापांढऱ्या छायाचित्रांतच पाहिला. त्यातल्या ऑनिक्स या पट्टेदार दगडाच्या भिंतीचा रंग त्या छायाचित्रांतून कळणार नव्हता, तरीही तेवढ्यावर या वास्तूने अनेक पिढ्यांना शिकवले. हिरोशी सुगिमोतो यांनी तर प्रसिद्ध इमारती मुद्दाम धूसर टिपल्या. रेषा विरघळल्यावरही जी वास्तू ओळखू येते, ती टिकली असे मानायचे. सेवेत असे धूसर करण्याचे बटण नाही. मी चष्मा काढते. वर्गणीत ही सोय धरलेली नाही.

वस्तूंच्या डिझाइनचा विभाग मात्र कच्चा आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कापून ठेवलेल्या खुर्च्या, दिवे, किटल्या, आणि त्यांच्याखाली डिझायनरचे नाव आणि साल, एवढ्यावर काम भागवलेले असते. डीटर राम्स यांनी ब्राऊनसाठी केलेला 1958 चा टी3 रेडिओ आला तेव्हा त्याच्या जाळीतल्या गोल छिद्रांची मांडणी, खालचे वर्तुळाकार फिरते बटण हे सगळे सुरेख दिसत होते, परंतु हा रेडिओ खिशात मावतो की टेबलावर बसतो हे चित्रावरून सांगता येत नव्हते आणि पत्रकात मापे नव्हती. तो खिशात ठेवायचा रेडिओ आहे आणि त्याच्या सगळ्या साधेपणाचे कारण तिथेच आहे. खुर्चीच्या बाबतीत तर बैठकीची उंची न देणे म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट टाकण्यासारखे झाले. वास्तुरचनेला प्लॅन जोडणाऱ्या माणसांना वस्तूला तीन आकडे जोडणे जड जाऊ नये.

दुसरी तक्रार निवडीच्या रुचीबद्दल आहे. बारा चित्रे माणसे निवडतात, यंत्र नाही, हे सेवा अभिमानाने सांगते, पण त्या माणसांचीही आवड ठरून गेलेली आहे: उघडे काँक्रीट, फिकट लाकूड, तिरपे ऊन आणि रिकामी खोली. एखाद्या महिन्याच्या चित्रांत माणूस दिसलाच तर तो पाठमोरा, लांब कोटात आणि केवळ मोजपट्टी म्हणून उभा असतो. इवान बान यांच्यासारखे छायाचित्रकार इमारतीभोवतीचे जगणे चौकटीत घेतात, त्यांची चित्रेही इथे येतात, परंतु त्यांतलीही शांत तेवढी निवडलेली. याचा सर्वांत मोठा तोटा मला चिलीतल्या किंता मॉनरॉय या वसाहतीच्या वेळी जाणवला. अलेहांद्रो अरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल या गटाने इकीके शहरात 93 कुटुंबांसाठी केलेल्या या घरांचे मर्मच असे आहे की उपलब्ध पैशात अर्धेच घर बांधून दिले आणि उरलेल्या अर्ध्यासाठी शेजारी तयार पोकळी सोडली, जी कुटुंबांनी आपल्या ऐपतीने भरायची. सेवेने दाखवले ते 2004 मधले, कोणी राहायला येण्यापूर्वीचे चित्र: करड्या ठोकळ्यांची आणि पोकळ्यांची नीटनेटकी लय. लोकांनी त्या पोकळ्यांत रंगीत भिंती, वेगवेगळ्या खिडक्या आणि जोडखोल्या बसवल्यानंतरचे चित्र दिलेच नाही. जे घर पूर्ण झाल्यावरच समजते, त्याचे फक्त अपूर्ण रूप सुबक दिसते म्हणून निवडले, याला मी निवडीतली चूक म्हणेन.

तिसरी गोष्ट मला महागात पडली आणि तिच्यात माझाही दोष आहे. भिंतीतून सुटी बाहेर आलेली दगडाची पायरी, तिच्यावर दुसरी, आणि कठडा कुठेच नाही, असे एका जिन्याचे चित्र मी जपून ठेवले होते. एका क्लायंटला ते दाखवले, त्यांना ते फार आवडले आणि मी उत्साहाच्या भरात होकार देऊन बसले. स्ट्रक्चरल इंजिनिअरने ते चित्र अर्धा मिनिट पाहिले आणि विचारले, “या पायऱ्यांचा भार नेमका कुठे जातो?” मी उत्तर शोधायला माहितीपत्रक उघडले, तर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत लिहिले होते: संकल्पचित्र. तो जिना जगात कुठेच नव्हता. ते संगणकावर केलेले रेंडर होते. मोबाइलवर तर ती ओळ पत्रक पूर्ण उलगडल्याशिवाय दिसतच नाही. पायरीच्या कडेला नीट पाहिले असते तर सावली आणि खिडकीतला उजेड यांच्या दिशा जुळत नाहीत, हे मला आधीच दिसायला हवे होते. क्लायंटची समजूत घालण्यात दोन बैठका गेल्या आणि शेवटी जिना लपवलेल्या पोलादी आधारांवर, कठड्यासह झाला. मी सेवेला सविस्तर पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले आणि आता नव्या रेंडरवर ‘संकल्पचित्र’ हा शब्द चित्राच्या वरच येतो. जुन्या संग्रहात तो अजूनही तळाशीच आहे.

बाकीच्या सोयींबद्दल फार लिहावे असे काही नाही. वास्तुविशारदाच्या किंवा छायाचित्रकाराच्या नावाने शोध नीट चालतो. ‘उत्तरेकडचा उजेड’ किंवा ‘लहान खोली’ अशा शब्दांनी शोधले तर हाती काही लागत नाही. चित्रे उतरवून घेता येतात ती पडद्यापुरत्या आकारात, छपाईसाठी नाही, आणि हक्क छायाचित्रकारांकडे असल्यामुळे ते रास्तच आहे. ॲपची दररोजची सूचना सकाळी ठरलेल्या वेळी वाजते आणि ती वेळ बदलता येत नाही, म्हणून मी ती बंद करून टाकली.

ज्याला क्लायंटसमोर ठेवायला भराभर मूडबोर्ड, म्हणजे कल्पना दाखवणारा चित्रांचा फलक, हवा आहे, त्याचे काम फुकटच्या प्रवाहांवर अधिक लवकर होईल आणि त्याने इथे पैसे घालू नयेत. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना मी ही सेवा आग्रहाने सुचवेन, वस्तूंच्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना मापे येईपर्यंत थांबायला सांगेन. मी स्वतः दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरली आहे. भरताना अभिप्रायाच्या चौकटीत किंता मॉनरॉयचे दुसरे चित्र मागितले आहे आणि त्या जिन्याचा क्रमांक पुन्हा एकदा लिहून पाठवला आहे.