सूर्यफुलाचा पट्टा की छापील कार्ड? अनोळखी माणूस मुलावर ओरडतो तेव्हा काय उपयोगी पडतं

गळ्यात घालायच्या हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं, ही न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आता भारतातल्या काही विमानतळांवरही ती ओळखतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला घेऊन विमानाने जाणार असाल तर पट्टा जरूर घ्या; प्रशिक्षण मिळालेले कर्मचारी ती खूण पाहून थोडा जास्त वेळ देतात. पण एसटीत "वळण लावलं नाही, दोन ठेवून द्या" म्हणणाऱ्याला त्या फुलांचा अर्थ माहीतच नसतो. तिथे पट्ट्याचा उपयोग शून्य.

घेताना क्लिप तपासा. मानेमागची क्लिप झटका बसताच सुटायला हवी. अशी क्लिप नसलेला पट्टा गर्दीत कशात अडकला तर गळ्याला फास बसतो. मानेला कापड लागलेलं सहन होत नसेल तर मुलाच्या सॅकला बांधा, नाहीतर स्वतः घाला.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, सवलतीसाठी, टीसीला दाखवण्यासाठी. ओरडणाऱ्याच्या हातात ते देऊ नका. त्यावर मुलाचं नाव, फोटो, जन्मतारीख असते, आणि वाटेतल्या कुणालाही पुरावा द्यायला तुम्ही बांधील नाही.

अशा प्रसंगी आमची पसंती छापून घेतलेल्या साध्या कार्डाला. एटीएम कार्डाएवढं, ३०० जीएसएमचा (जाड) कागद, मॅट लॅमिनेशन (चकचकीत असेल तर दिव्याखाली वाचता येत नाही). एका बाजूला मराठी, दुसरीकडे हिंदी, चारच ओळी:

"माझं मूल स्वमग्न आहे.
आवाज आणि गर्दीचा त्याला आत्ता त्रास होतोय.
हा हट्ट नाही.
कृपया थोडी जागा द्या, मोठ्याने बोलू नका."

नाव, फोन, शाळा काही नको. मजकूर वाढवला की कोणी वाचत नाही. आठ-दहा प्रती बाहेरच्या खिशात ठेवा, कारण दिलेलं कार्ड परत मागायचं नसतं. पाकिटात ठेवलं तर एका हाताने मुलाला धरून दुसऱ्याने ते निघत नाही.

वापरताना क्रम महत्त्वाचा. आधी मूल आणि तो माणूस यांच्या मध्ये उभे राहा, तोंड मुलाकडे. मग एकच वाक्य: "त्याला त्रास होतोय, हे वाचा." कार्ड द्या आणि मुलाला घेऊन भिंतीच्या कडेला किंवा बाहेर निघा. उत्तराची वाट पाहू नका. बहुतेकदा चुकतं ते इथेच: पालक समजावत बसतात, आवाज चढतो, आणि आधीच गोंगाटाने बेजार झालेलं मूल आणखी बिथरतं. शिवाय न बोलणारं मूलही सगळं ऐकत असतं. त्याच्यासमोर "याला कळत नाही हो" हे वाक्य कधीही बोलू नका. माफी तर मागूच नका.

कार्ड हातात घेऊनही शिवीगाळ थांबली नाही, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ९२ आहे. चारचौघांत अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून, पाणउतारा करण्यासाठी अपमान केला किंवा धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. भांडणात ते ऐकवू नका, माणूस आणखी पेटतो. वेळ, जागा आणि एखाद्या साक्षीदाराचा नंबर लिहून घ्या, तक्रार नंतर करता येते. हात उगारला तर मात्र लगेच ११२ ला फोन करा, रेल्वेत असाल तर १३९ ला.