हेड उघडलंच नव्हतं!

माझी वॅगन आर २००८ ची. जुलैत पन्हाळ्याचा चढ चढताना तापमानाचा काटा लालकडं सरकला. कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली कोरडी. पाणी घालत घालत घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजात टाकली.

मेकॅनिकनं ऑइलचं टोपण काढून दाखवलं, आतून दुधट चिकटा. "साहेब, हेड गॅसकेट गेलंय बघा. ऑइलात पाणी उतरलंय. आणखी चालवलीसा तर इंजिन बसंल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि त्याच्या सांध्यातली पट्टी म्हणजे गॅसकेट. हेड काढणं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं), गॅसकेट, मजुरी मिळून १६,५०० रुपये. घाबरलो आणि हो म्हणालो.

गाडी चार दिवसांनी मिळाली, पंधरवड्यात बाटली परत रिकामी.

मग मेव्हण्यानं त्याच्या माहितीतल्या एका जुन्या मिस्त्रीमामांकडं नेलं. मामांनी आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल स्वच्छ. पावसाळ्यात गाडी नुसती बाजारापुरती फिरली की इंजिन नीट तापत नाही, वाफ टोपणाखाली साचते आणि तसला चिकटा धरतो, म्हणाले. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, बाटलीत बुडबुडे नाहीत. मग थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब दिला. पंपाचा काटा हळूहळू उतरायला लागला, म्हणजे कुठंतरी गळत होतं. बॅटरीचा उजेड मारून बघितलं तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब गळत होता. ते भोक त्यासाठीच असतं: आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. गरम इंजिनवर तो थेंब लगेच सुकायचा, म्हणून पार्किंगमध्ये डाग कधी दिसला नव्हता. पंपाखाली वाळलेल्या कुलंटची पांढरट खपली मात्र होती, मीच कधी वाकून बघितली नव्हती.

नवा पंप, कुलंट, मजुरी सगळं धरून ३,८०० रुपये.

खरा धक्का त्यानंतर. "हेड उचलायचं तर सायलेन्सरचा पाइप सोडायलाच लागतोय," म्हणत मामांनी त्याचे नट दाखवले. गंजून एकजीव झालेले, पाना लागल्याची खूणही नाही. हेडच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचं काळं किटण तसंच.

पहिल्या गॅरेजात जाऊन जुनं गॅसकेट मागितलं. भंगारवाल्यानं नेलं म्हणे. फेसिंगची पावती? लेथवाला पावती देत नाही. माझ्याकडंही वहीच्या कागदावर लिहिलेला नुसता आकडा, ना शिक्का ना सही. आवाज चढवल्यावर म्हणाला, "दोन हजार पुढच्या सर्व्हिसिंगला वळते करतो की."