ट्रेलरच्या पन्हळीला वाढीव तोट्या: सिएटलचा एक पावसाळा वापरल्यानंतर

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेताना टायर, ब्रेक, बॅटरी यांबद्दल वाटेल तेवढा सल्ला मिळतो. छतावर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं, याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. आमचा ट्रेलर सिएटलजवळ बारा महिने उघड्यावर उभा असतो. ऑक्टोबर ते एप्रिल इथे आभाळ गळतच असतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पन्हळीला लावायच्या वाढीव तोट्या घेतल्या, आणि आता एक अख्खा हंगाम त्या वापरून झाल्यावर हे लिहिते आहे.

कोकणातल्या घराचं छप्पर भिंतीच्या पुढे चांगलं हात-दीड हात आलेलं असतं, म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. ट्रेलरला वळचणच नसते. छत संपतं तिथेच भिंत सुरू होते. त्या कडेवर ॲल्युमिनियमची बारीक पन्हळ स्क्रूने बसवलेली असते आणि तिच्या टोकांना प्लॅस्टिकची एकेक तोटी. मूळची तोटी जेमतेम दोन-तीन बोटं बाहेर येते. छताचं सगळं पाणी एवढ्याशा तोट्यांवर सोपवलेलं असतं.

ते पाणी थोडंथोडकं नसतं. छत ७ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद धरलं तर क्षेत्रफळ जवळपास १७ चौरस मीटर होतं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. दिवसभरात २५ मिलिमीटर पडला की सव्वाचारशे लिटरच्या आसपास पाणी चार कोपऱ्यांतून खाली येतं.

तरीही मुसळधार पावसाची मला फारशी काळजी वाटत नाही. जोराच्या पावसात धार तोटीतून उडी मारून बाहेर पडते. खरा त्रास भुरभुर पावसाचा. सिएटलचा वर्षभराचा पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, पण तो वर्षातल्या दीडशेच्या आसपास दिवसांत वाटून पडतो. अशा पावसात तोटीतून धार सुटतच नाही. थेंब तोटीच्या ओठाला चिकटतो, खालच्या अंगाने मागे सरकतो आणि भिंतीवर उतरतो. छतावरची धूळ आणि रबरी छताची झिजून सुटलेली पांढरी भुकटी त्याच्याबरोबर खाली येते. ट्रेलरच्या कोपऱ्यांवर दिसणारे काळे ओघळ यातूनच तयार होतात. ओघळ घासून निघतात, पण ज्या वाटेने ते उतरतात त्याच वाटेवर खिडक्यांचे, दिव्यांचे, कोपऱ्यांच्या पट्ट्यांचे सांधे असतात. तिथलं सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचं लुकण, एखाद्या ठिकाणी जरी तडकलं तरी पाणी आत शिरतं. भिंतीच्या बाहेरच्या फायबरग्लासच्या मागे पातळ प्लायवूड चिकटवलेलं असतं. ते भिजलं की थर सुटतात आणि भिंतीला फुगवटा येतो. ती दुरुस्ती अतिशय महाग असते, म्हणून या छोट्याशा तोटीबद्दल मी एवढं लिहिते आहे.

आम्ही घेतलेल्या तोट्या चिमट्यासारख्या मूळ तोटीवर बसतात आणि पाणी भिंतीपासून वीतभर लांब नेऊन सोडतात. चारचा संच वीस डॉलरच्या आत मिळाला. बसवायला हत्यार लागत नाही, शिडी मात्र लागते. निवडताना एकच गोष्ट बघा: पुढच्या ओठाच्या खाली छोटी कड आहे का. त्या कडेवर थेंब अडतो आणि मागे न जाता खाली पडतो. ज्या कोपऱ्यांवर कडेच्या तोट्या लावल्या तिथे हंगामभरात नवीन ओघळ जवळजवळ आलेच नाहीत. दुसऱ्या बाजूला सपाट ओठाच्या तोट्या लावून पाहिल्या. त्यांनी जोराचं पाणी छान लांब टाकलं, पण भुरभुर पावसात भिंत ओलीच राहिली.

तोट्यांइतकाच फरक ट्रेलरच्या उताराने पडला, आणि त्याला पैसाही लागत नाही. ट्रेलर पाणसळीत तंतोतंत सपाट उभा असला की पन्हळीत पाणी साचून राहतं, त्यात पानं कुजतात आणि मधूनच कडेवरून सांडायला लागतं. आम्ही घरी उभा करताना पुढचा जॅक थोडा वर घेतो, म्हणजे पाणी मागच्या दोन तोट्यांकडे जातं. पुढे बॅटरी आणि गॅसच्या टाक्या आहेत, तिकडे पाणी नको. मुक्कामाला असताना मात्र असं करू नका. गॅसवर चालणारा फ्रीज फार कलता राहिला तर नीट थंड होत नाही आणि बिघडतोही. घरी फ्रीज बंद असतो, त्यामुळे तिथे हरकत नाही.

दारावर आणि मोठ्या खिडकीवर चिकटवायची रबरी पन्हळही लावली. थंडीत ती चिकटवायला जाऊ नका. बहुतेक ॲक्रिलिक चिकटपट्ट्यांना पृष्ठभाग १० अंश सेल्सियसच्या वर लागतो आणि पूर्ण पकड यायला ७२ तास. भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून उन्हाळ्यातच हे काम उरकावं. दारावरची पट्टी किंचित तिरकी लावली, त्यामुळे पाणी बिजागरीच्या बाजूला जातं आणि दारातून आत-बाहेर करताना मानेवर थेंब पडत नाहीत.

सिएटलच्या पश्चिमेला असलेल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर, कलालॉकच्या किनाऱ्यावर आणि होहच्या जंगलात, या सगळ्याची खरी परीक्षा झाली. होहला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तोट्यांनी पाणी लांब टाकलं, पण हेमलॉक झाडांची सुयांसारखी पानं त्यांत अडकली. रोज सकाळी बोट फिरवून साफ करावं लागतं. तोटीला पाइप जोडून पाणी जमिनीपर्यंत न्यायचा प्रयोगही केला, पण सुयांमुळे पाइप लगेच तुंबतो. त्यापेक्षा नायलॉनची दोरी बरी. एक टोक तोटीला बांधायचं, दुसरं भिंतीपासून लांब खुंटीला. पाणी दोरीच्या अंगाने मुकाट खाली उतरतं आणि रात्रभर उशाशी होणारी टपटप थांबते. दोरीला उजळ कापड बांधा, अंधारात पाय अडकतो.

अंगणाच्या बाजूला ऑनिंग, म्हणजे भिंतीला लावलेलं गुंडाळता येणारं कापडी छत, उघडलेलं असेल तर पाणी ओघळून जावं म्हणून त्याचा एक हात, म्हणजे आधाराचा दांडा, खाली घ्यायलाच हवा. मध्ये साचलेलं ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो वजन, आणि ते कापड आणि हात दोन्ही वाकवतं. गुंडाळलेल्या ऑनिंगच्या पुढच्या टोकाला वाढीव तोटी घासते, म्हणून त्या कोपऱ्यावर आम्ही आखूड तोटी ठेवली आहे.

तक्रारी दोन. निघताना तोट्या काढाव्याच लागतात, नाहीतर फांदीला अडकून मूळ तोटीसकट तुटतील. हे काम आम्ही दिवे आणि साखळ्या तपासायच्या यादीतच घातलं आहे. दुसरी, उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. दक्षिणेच्या कोपऱ्यावरची एक तोटी वसंतात काढताना चिमट्यापाशी तडकली. पुढचा संच ऊन सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा घेणार आहोत, ओठाखाली कड असलेलाच. आणि जून-जुलैत ऊन पडलं की छतावर चढून पन्हळीच्या वरच्या सांध्यावर सीलंटचा नवा थर द्यायचा आहे. छत रबराचं असेल तर त्यावर पेट्रोलियमचा क्लीनर वापरू नका, रबर फुगतं. साधा साबण आणि पाणी पुरतं.