आठ चाव्यांची काळी फ्लूट आणि माझे ९५० युरो

मी मूळची मिरजेची. आमच्याकडे तंबोरा घ्यायचा तर माणूस सतारमेकरांच्या दुकानात मांडी घालून बसतो, चार तंबोरे छेडून बघतो, जवारी कानाला पटेपर्यंत कारागिराला सोडत नाही. लहानपणापासून हे पाहिलेलं असूनही आयर्लंडमधल्या गॉलवेत राहायला आल्यावर मी एक वाद्य नुसते फोटो पाहून घेतलं आणि ९५० युरो घालवून बसले. आयरिश पारंपरिक संगीतासाठी लाकडी फ्लूट घ्यायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

बासरी वाजवणाऱ्याला ही फ्लूट ओळखीची वाटते. आडवी धरायची, सहा छिद्रं. पण आपल्या बासरीत वरची तीन छिद्रं बंद केली की सा लागतो. इथे सहाही बंद केली की डी हा पाश्चात्त्य सूर लागतो, आणि तोच घरचा सूर. शिवाय आपला बांबू आतून साधारण सरळ असतो. हिचा तोंडाकडचा भाग सरळ, त्याखाली पोकळी निमुळती होत जाते. ही घडण एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची. ब्योम या जर्मन वादक-कारागिराने १८४७ साली सरळ नळीची धातूची फ्लूट काढली, वाद्यवृंदवाले हळूहळू तिकडे वळले आणि जुन्या लाकडी फ्लूट स्वस्तात आयरिश वादकांच्या हाती आल्या. आजचे कारागीर त्या जुन्या वाद्यांवरूनच मापं घेतात. रुडाल अँड रोज या लंडनच्या जुन्या कारागिरांचा नमुना म्हणजे लहान छिद्रं, गोळीबंद सूर. प्रॅटन या त्या काळच्या वादकाच्या नावाचा नमुना म्हणजे मोठी छिद्रं, दणदणीत आवाज. वाद्याचा सगळा जीव त्या आतल्या उतारात असतो, आणि तो फोटोत दिसत नाही.

कॉर्कचे हॅमी हॅमिल्टन, क्लेअरचे मार्टिन डॉइल, अमेरिकेतले पॅट्रिक ओलवेल अशी कारागिरांची नावं मी ऐकून होते. पण चांगल्या कारागिराकडे थांबावं लागतं, कधी कधी काही वर्षं. मला धीर नव्हता. तेवढ्यात एक जाहिरात दिसली: आयर्लंडमधली स्वतःची कार्यशाळा, आफ्रिकन ब्लॅकवुडचं काळं लाकूड, आठ चाव्या (म्हणजे जास्तीच्या सुरांची छिद्रं उघडझाप करणाऱ्या धातूच्या पट्ट्या), आठवड्यात घरपोच. नामांकित कारागिराची आठ चाव्यांची फ्लूट कित्येक हजार युरोंना जाते, हे मला माहीत होतं. ‘नमुना रुडालचा की प्रॅटनचा?’ असं विचारलं तर उत्तर आलं, ‘दोन्हींचा मेळ.’ तिथेच थांबायला हवं होतं. कार्यशाळा बघायला येऊ का म्हटलं, तर तो कायम प्रवासात. वाजवून दाखवा म्हटलं, तर एक सुरेख ध्वनिमुद्रण पाठवलं. ते कुठल्या फ्लूटचं होतं, देव जाणे. पैसे मी थेट त्याच्या खात्यात भरले.

फ्लूट आली. दिसायला देखणी. पण खालचा डी नुसता हवा सोडायचा आणि एफ शार्प, म्हणजे डीला सा धरलं तर आपला गंधार, ट्यूनरवर तीस सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला. मी दोन महिने दोष स्वतःच्या फुंकीला देत राहिले. ते दोन महिने मला सगळ्यात महागात पडले, कारण तोवर परतीची मुदत संपली.

मग एका रविवारी आतून बदामाचं तेल लावलं. सळईला गुंडाळलेलं पांढरं फडकं काळंकुट्ट होऊन बाहेर आलं. सांध्यावरचा दोरा सोडला, तर खाली रंग पोचलाच नव्हता: तपकिरी लाकूड, त्यात एक फिकट पट्टा. आजोबांच्या शिसवी झोपाळ्याची कड अशीच दिसायची. ब्लॅकवुड इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. ही हातात हलकीच लागायची.

इथल्या एका जाणत्या वादकांकडे नेली. त्यांनी खालचं टोक तळहाताने दाबलं, छिद्रं झाकली आणि हवा ओढून घेतली. चांगली फ्लूट तेव्हा ओठाला चिकटून राहते. ही लगेच सुटली. चाव्यांखालच्या गाद्यांतून हवा गळत होती. मग त्यांनी स्वतःची फ्लूट माझ्या हातात दिली. त्याच फुंकीला गंधार जागच्या जागी लागला. मला रडू आलं. असा कारखान्यातला शिसमचा माल शंभर-दीडशे युरोंना मिळतो, असं ते म्हणाले. त्या किमतीला, खरं सांगून कुणी विकला तर माझी काही तक्रार नाही. आतली पोकळी चुकलेली असल्यामुळे दुरुस्तीत पैसे घालू नका, असंही त्यांनी बजावलं. चाव्यांची तर मला गरजच नव्हती. इथल्या बहुतेक धून डी आणि जी मध्ये बसतात, कित्येक वादक जन्मभर बिनचाव्यांची वाजवतात.

विक्रेत्याने एकदाच उत्तर दिलं, ‘लाकूड अजून मुरायचंय.’ नंतर गप्प. बँकेने हात वर केले, कारण पैसे मी स्वतः पाठवले होते.

आता मी डेलरिनची, म्हणजे कडक प्लास्टिकची बिनचाव्यांची फ्लूट वाजवते. सुरात आहे, भेगाळत नाही. क्लेअरमधल्या मिलटाउन मालबेला दर जुलैत विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. तिथे वेगवेगळ्या कारागिरांच्या फ्लूट वाजताना जवळून ऐकता येतात. पुढची निवड मी तिथे ऐकून, हातात घेऊन करणार आहे.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, फोटो तोच, तिसऱ्या चावीवरचा ओरखडाही तोच. किंमत आता ११०० युरो.