दुसरी शेड उद्यमबागेत की शिनोळीत? कामगार कायद्याच्या बाजूने तुलना

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत कारखाना चालतो, जागा पुरत नाही, आणि वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की महाराष्ट्रात शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते. माणसे तीच, उचगाव, कुद्रेमनी, तुडये इथली पोरे दोन्हीकडे कामाला जातात. शेड कुठल्या राज्यात, यावर त्यांच्या पगारपत्रकातले रकाने मात्र बदलतात.

केंद्राच्या चार कामगार संहिता, म्हणजे नवे एकत्रित कामगार कायदे, 21 नोव्हेंबर 2025 पासून दोन्हीकडे सारख्याच लागू आहेत. मूळ पगार व महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनात धरायची. उदाहरणार्थ, एकूण 40,000, त्यात मूळ व महागाई मिळून 16,000, भत्ते 24,000. निम्मे 20,000, म्हणून 4,000 वेतनात येतात. ग्रॅच्युइटी वर्षाला 9,231 वरून 11,538 रुपयांवर जाते. फंडाची (भविष्य निर्वाह निधीची) कपात 15,000 च्या मर्यादेवर होत असेल तर ती वाढत नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी आता एका वर्षानंतर लागू होते, तीही दोन्हीकडे.

कामगाराने राजीनामा दिला किंवा त्याला काढले, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचे वेतन चुकते करायचे. इथे उचल नडते. गणपतीआधी उचल घेतलेला माणूस सणानंतर सोडून जातो आणि हिशेबात सगळी उचल कापून घेतली जाते. कपात एकूण वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही, म्हणून मोठी उचल एकदम देऊ नका आणि प्रत्येक हप्त्यावर सही घ्या.

आता फरक. व्यवसाय कर कामगाराच्या खिशातून जातो, म्हणून भरतीच्या वेळी तो पहिला विचारला जातो. कर्नाटकात महिना 25,000 च्या खाली पगार असेल तर कर नाही. महाराष्ट्रात पुरुषाला 10,000 च्या वर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500. अठरा हजारांचा टर्नर उद्यमबागेत शून्य भरतो, शिनोळीत अडीच हजार. स्त्रियांना मात्र महाराष्ट्रातही 25,000 पर्यंत माफी आहे.

किमान वेतनाचा महागाई भाग कर्नाटकात एप्रिलपासून वर्षातून एकदा बदलतो. महाराष्ट्रात जानेवारी व जुलै असा दोनदा. परिपत्रक उशिरा हाती आले तरी दर पहिल्या तारखेपासूनच लागतो, फरक द्यावा लागतो. शिनोळीच्या पगारपत्रकात हा फरक द्यायचा राहण्याची चूक जास्त होते. कामगार कल्याण निधीची वर्गणी किरकोळ आहे: कर्नाटकात वर्षातून एकदा कामगाराचे 50 व मालकाचे 100, महाराष्ट्रात जून व डिसेंबरला दर वेळी कामगाराचे 25 आणि मालकाचे 75.

पन्नास किंवा जास्त कामगार होणार असतील तर शिनोळीत घरभाडे भत्त्याचा कायदा बघाच: वेतनाच्या किमान 5 टक्के. वेतन 15,000 असेल तर माणशी 750 रुपये, साठ माणसांमागे महिना 45,000.

कर्नाटकाकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, पगारी सुट्ट्या दहा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर आणि आणखी पाच सण. गणेश चतुर्थी त्या पाचांत घाला. त्या दिवशी तशीही हजेरी लागत नाही. सुट्टीला काम करून घेतले तर दुप्पट वेतन, किंवा वेतन आणि बदली सुट्टी. दुसरी, नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने 18 ते 52 वयाच्या महिलांना महिन्याला एक, वर्षाला बारा पगारी मासिक पाळीच्या रजा. डॉक्टरचा दाखला मागायचा नाही. आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, म्हणून रजेचे नियम छापण्याआधी ताजी स्थिती बघा. महिला जास्त असलेल्या जुळणीच्या कामात ही रजा द्यायला हवी असेच आमचे मत आहे, आणि बदली माणसाची सोय आधीपासून धरावी.

आमचा सल्ला: पन्नासच्या आत माणसे असतील तर कायद्याच्या खर्चासाठी राज्य बदलू नका, फरक फारसा पडत नाही. माणसे कुठून येतात आणि दुसऱ्या शेडचे रजिस्टर कोण सांभाळणार, हे आधी बघा. खरी अडचण तिथेच होते. बारा माणसे इकडे, दहा तिकडे दाखवून फंड टळत नाही. एकाच मालकाच्या शाखा एकत्र मोजतात. शिनोळीसाठी ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) उपसंकेतांक आणि महाराष्ट्राची व्यवसाय कर नोंदणी वेगळी घ्या. सगळ्यांचे मस्टर (हजेरीपत्रक) उद्यमबागेत आणि माणूस शिनोळीच्या प्रेसवर, अशा वेळी बोट गेले तर अपघाताच्या अहवालात कामाची जागा आणि हजेरीची जागा जुळत नाही, आणि कामगाराचा दावा रखडतो.

म्हणून दोन्हीकडे फिरणाऱ्या माणसाला बदलीचे पत्र द्या: तारीख, शेड, मशीन, कामाचे तास, त्या महिन्याचा पगार कुठल्या मस्टरवर. ते त्याला वाचता येईल अशा भाषेत असावे, आणि त्याच्या सहीची एकेक प्रत दोन्ही शेडच्या फायलींत लावा.